टेक्स्ट ॲडव्हेंचर खेळांचे इंटरप्रीटर: कोणता घ्यावा, तो आत काय करतो आणि त्यावर मराठी चालेल का

विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. जुन्या संग्रहातून उतरवून घेतलेल्या टेक्स्ट ॲडव्हेंचर खेळांच्या, म्हणजे खेळाडू वाक्ये टंकून चालवतो अशा मजकुरी खेळांच्या, काही फाइली संगणकावर आहेत. काहींच्या नावाचा शेवट ‘झेड३’ किंवा ‘झेड५’ असा आहे, काहींचा ‘जीब्लॉर्ब’ असा आहे, आणि क्लिक करून एकही उघडत नाही. या फाइलींना इंटरप्रीटर, म्हणजे त्या चालवणारा वेगळा प्रोग्रॅम, लागतो एवढे कळले आहे. पण तो कोणता घ्यावा, एकच इंटरप्रीटर सगळ्यांना का पुरत नाही, स्वतः लिहून पाहणे शक्य आहे का, आणि पुढेमागे मराठीत असा खेळ करायचा ठरवला तर तो या साधनांवर चालेल का, हे समजत नाही. मी बरीच वर्षे हे खेळ चालवत, तपासत आणि त्यांचे इंटरप्रीटर लिहीत आलो आहे, म्हणून उत्तर विस्ताराने देतो.

आधी तातडीचे सांगतो. विंडोजवर झेड३, झेड५ आणि झेड८ फाइलींसाठी ‘विंडोज फ्रॉट्झ’ घ्यावा. वेगवेगळ्या घराण्यांच्या फाइली एकाच ठिकाणी उघडायच्या असतील तर ‘गारगॉइल’ घ्यावा; त्यात अनेक इंटरप्रीटर एकत्र बांधलेले आहेत आणि छापील पुस्तकासारखी सुबक अक्षरे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. मॅकवर ‘स्पॅटरलाइट’ उत्तम आहे. बहुतेक लिनक्स वितरणांच्या भांडारात फ्रॉट्झ तयार मिळतो, आयफोनसाठी फ्रॉट्झचीच वेगळी आवृत्ती आहे, आणि काहीही बसवायचे नसेल तर ‘पार्चमेंट’ हा ब्राउझरमध्ये चालणारा इंटरप्रीटर आहे.

फाइलीच्या नावावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण जुन्या संग्रहांत नावे बदललेली असतात. हेक्स दाखवणाऱ्या कोणत्याही साधनात फाइल उघडून सुरुवातीचे बाइट पाहावेत. झेड-मशीनच्या, म्हणजे झेड३, झेड५ अशा घराण्याच्या, फाइलीत पहिलाच बाइट आवृत्तीचा आकडा असतो: ३, ५ किंवा ८. ग्लुल्क्स या दुसऱ्या घराण्याच्या फाइलीच्या सुरुवातीला जी, एल, यू, एल अशी चार रोमन अक्षरे दिसतात. ब्लॉर्ब (जीब्लॉर्ब हा त्याचाच प्रकार) हे नुसते पाकीट आहे. त्यात खेळाबरोबर चित्रे आणि ध्वनीही असू शकतात, आणि आतला खेळ झेड-मशीनचा किंवा ग्लुल्क्सचा असतो. पहिली दोन अक्षरे पी आणि के असतील तर ती झिप फाइल आहे आणि खेळ अजून तिच्या आतच आहे. ‘खेळ उघडत नाही’ अशा तक्रारींत मला सर्वांत जास्त वेळा हेच आढळले आहे.

आता मूळ मुद्दा. झॉर्क हा खेळ १९७७ पासून एमआयटीमध्ये पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर एमडीएल भाषेत लिहिला गेला. त्याच मंडळींपैकी काहींनी १९७९ च्या जूनमध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढली, तेव्हा त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. खेळ घरगुती संगणकात मावणारा नव्हता, आणि घरगुती संगणकही एक नव्हता: ॲपल टू, टीआरएस-८० आणि त्यामागोमाग आलेले अटारी, कमोडोर यांपैकी एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी यावर काढलेला तोडगा असा होता की, प्रत्यक्षात कुठेही नसलेला एक संगणक कागदावर ठरवायचा, सगळे खेळ त्याच्याचसाठी लिहायचे, आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या काल्पनिक संगणकाचे सोंग घेणारा एक छोटा प्रोग्रॅम तेवढा तयार करायचा. त्या काल्पनिक संगणकाचे नाव झेड-मशीन, आणि ते सोंग घेणारा प्रोग्रॅम म्हणजे इंटरप्रीटर. नवा संगणक बाजारात आला की एक इंटरप्रीटर लिहायचा आणि त्यावर सगळे खेळ लागलीच चालवायचे, हा त्याचा व्यापारी फायदा होता. कंपनी १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजनने घेतली आणि १९८९ मध्ये ती बंद पडली. खेळ मात्र आजही चालतात, आणि ते त्या कागदावरच्या संगणकामुळेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण इंटरप्रीटर निवडताना तोच आड येतो. ‘या इंटरप्रीटरला माझी वाक्ये कळत नाहीत, दुसरा वापरून पाहतो’ असे लोक म्हणतात. खेळाडूची वाक्ये समजून घेणारा भाग, म्हणजे पार्सर, इंटरप्रीटरमध्ये नसतोच; तो खेळाच्या फाइलीत असतो. झॉर्कच्या पहिल्याच प्रसंगात पांढऱ्या घरासमोर एक टपालपेटी आहे. खेळाडू ‘ओपन मेलबॉक्स’ असे टंकतो तेव्हा इंटरप्रीटर फक्त ओळीचे शब्द पाडतो, प्रत्येक शब्द फाइलीतल्या शब्दकोशात शोधतो आणि सापडलेला पत्ता, शब्दाची लांबी आणि ओळीतले त्याचे स्थान अशी चार बाइटांची एकेक नोंद खेळाच्या हवाली करतो. झेड-मशीनच्या तिसऱ्या आवृत्तीच्या (झेड३) शब्दकोशात शब्दाची पहिली सहाच अक्षरे साठवलेली असतात, म्हणून मेलबॉक्स या सात अक्षरी इंग्रजी शब्दातले शेवटचे एक्स गळून पडते. ‘ओपन मेलबोट’ असे टंकून पाहावे, पेटी तरीही उघडेल. त्यानंतरचे सगळे काम फाइलीतल्या सूचना करतात: क्रियापद कोणते, वस्तू कोणती, ती खेळाडूसमोर आहे का. शेवटी पेटीच्या नोंदीतला ‘उघडी’ या अर्थाचा एक बिट चालू होतो. तिसऱ्या आवृत्तीत वस्तूची ही नोंद नऊ बाइटांची असते: चार बाइटांत बत्तीस गुणधर्म, एकेका बाइटात ती वस्तू कशाच्या आत आहे, तिच्या शेजारी काय आहे आणि तिच्या आत पहिले काय आहे, आणि उरलेल्या दोन बाइटांत इतर माहितीचा पत्ता. पेटीतले पत्रक उचलले की पत्रकाच्या नोंदीतला ‘कशाच्या आत’ हा बाइट बदलतो आणि तेथे पेटीऐवजी खेळाडूचा क्रमांक येतो. साऱ्या खेळाचे जग हे असे एकमेकांत ठेवलेल्या वस्तूंचे झाड आहे. ही रचना पहिल्यांदा उलगडली तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

जागेची काटकसर हे या यंत्राचे दुसरे सौंदर्य. झॉर्कच्या पहिल्या भागाची एक प्रचलित फाइल अवघी ८५ किलोबाइटांच्या आसपास आहे. मजकूर साठवताना प्रत्येक अक्षराला आठऐवजी पाचच बिट दिले आहेत, त्यामुळे दोन बाइटांत तीन अक्षरे बसतात. वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी संक्षेपांची वेगळी यादी असते, ती तिसऱ्या आवृत्तीपासून ९६ नोंदींची. स्मृतीचे तीन भाग पाडलेले आहेत: खेळताना बदलणारा, न बदलणारा, आणि फक्त सूचना व मजकूर असलेला वरचा. जुन्या संगणकावर यातला पहिला भाग कायम स्मृतीत ठेवावा लागे आणि बाकीचा मजकूर व सूचना लागेल तशा फ्लॉपीवरून तुकड्यातुकड्याने आणता येत. सूचनांचे पत्ते १६ बिटांचे असल्यामुळे तिसऱ्या आवृत्तीत ते दोनाने गुणले जातात, पाचवीत चाराने आणि आठवीत आठाने. १२८, २५६ आणि ५१२ किलोबाइटांच्या मर्यादा येतात त्या यातूनच. सहावी आवृत्ती चित्रांसाठी होती आणि ती सर्वांत गुंतागुंतीची आहे. तिचे खेळ मोजकेच आहेत आणि अनेक इंटरप्रीटर तिला अर्धवट साथ देतात, म्हणून सहाव्या आवृत्तीची फाइल नीट दिसली नाही तर फाइलीला दोष देण्याआधी इंटरप्रीटर बदलून पाहणे योग्य ठरते.

कंपनीने या यंत्राचे वर्णन बाहेर दिले नव्हते. १९८७ च्या सुमारास काही उत्साही लोकांनी फाइली उलटतपासून ते शोधून काढले. पुढे १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी इन्फॉर्म हा कंपायलर आणला आणि त्यामुळे कंपनीबाहेरचा कोणीही झेड-मशीनसाठी नवा खेळ लिहू शकला. स्टेफान योकिश यांचा फ्रॉट्झ १९९५ चा, आणि झेड-मशीनचे प्रमाण ठरवणारा दस्तऐवज १९९७ चा. हा दस्तऐवज माझ्या मते या साऱ्या परंपरेतली सर्वांत मोलाची वस्तू आहे, कारण त्याच्या आधारे कोणालाही, कोणत्याही भाषेत, मूळ कंपनीची एक ओळही न पाहता इंटरप्रीटर लिहिता येतो. झॉर्कच्या तिन्ही भागांचा सोर्स कोड २०२५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने एमआयटी परवान्याखाली अधिकृतपणे खुला केला. तोवर तो अभ्यासकांच्या हाती होता, पण परवाना नव्हता.

मग एकच इंटरप्रीटर का पुरत नाही? कारण काल्पनिक यंत्रे अनेक आहेत. झेड-मशीनची ५१२ किलोबाइटांची भिंत लागू लागली तेव्हा अँड्र्यू प्लॉटकिन यांनी १९९९ मध्ये ३२ बिटांचे ग्लुल्क्स यंत्र आखले. इन्फॉर्म ७ मध्ये लिहिलेले आजचे मोठे खेळ बहुतेक त्याचेच असतात. त्याचे दोन प्रमुख इंटरप्रीटर आहेत, ‘ग्लुल्क्सई’ आणि ‘गिट’; मोठा खेळ प्रत्येक आज्ञेनंतर रेंगाळत असेल तर गिट वापरावा, फरक लगेच जाणवतो. याशिवाय टॅड्स हे मायकल रॉबर्ट्स यांचे स्वतंत्र घराणे आहे, ह्यूगो आणि ॲलन ही आणखी दोन. स्कॉट ॲडम्स यांचे १९७८ पासूनचे खेळही इंटरप्रीटर आणि माहितीचा साठा अशा दोन भागांत विभागलेले होते, आणि ते ‘स्कॉटफ्री’वर चालतात.

खेळ जतन करण्याविषयी एक व्यावहारिक सूचना. फ्रॉट्झसह बहुतेक आधुनिक इंटरप्रीटर जतन फाइल क्वेत्झल या समाईक स्वरूपात लिहितात. त्यात स्मृतीचा फक्त बदलणारा भाग घेतला जातो, तो मूळ फाइलीतल्या त्याच भागाशी ताडून पाहिला जातो आणि जेथे बदल झालेला नाही ती सारी शून्ये मोजून एकत्र गुंडाळली जातात. त्यामुळे तासन्‌तास खेळलेला डाव अगदी थोड्या जागेत मावतो आणि विंडोजवर जतन केलेला डाव फोनवर पुढे चालवता येतो. पण त्या फाइलीत खेळाचा रिलीज क्रमांक, अनुक्रमांक आणि चेकसमही (बाइटांच्या बेरजेचा तपासणी-आकडा) असतो, आणि ते जुळले नाहीत तर इंटरप्रीटर डाव उघडायला नकार देतो. हा नकार योग्यच आहे, कारण दुसऱ्या रिलीजमध्ये तेच पत्ते वेगळ्या वस्तूंचे असतात. झॉर्कच्या एका प्रचलित प्रतीवर रिलीज ८८ आणि अनुक्रमांक ८४०७२६ दिसतो. तो अनुक्रमांक म्हणजे २६ जुलै १९८४ ही तारीख आहे. आपल्या प्रतीची ही दोन आकड्यांची ओळख जतन फाइलीच्या नावातच लिहून ठेवावी. फाइल उतरवताना खराब झाली असावी अशी शंका असेल तर खेळात ‘व्हेरिफाय’ टंकावे: इंटरप्रीटर सुरुवातीचे ६४ बाइट सोडून उरलेल्या बाइटांची बेरीज करतो आणि फाइलीत नोंदलेल्या आकड्याशी ताडून पाहतो.

स्वतः इंटरप्रीटर लिहायचा असेल तर अवश्य लिहावा. तिसऱ्या आवृत्तीपासून सुरुवात करावी, झॉर्कचा पहिला परिच्छेद पडद्यावर आणणे हे पहिले लक्ष्य ठेवावे. माझ्या पहिल्या प्रयत्नात तो परिच्छेद सुरेख उमटला आणि पहिल्याच आज्ञेनंतर सारे कोसळले. अट तपासून मारायच्या उडीच्या सूचनेत अंतर ० असेल तर त्याचा अर्थ ‘खोटे असे उत्तर देऊन परत जा’ आणि १ असेल तर ‘खरे असे उत्तर देऊन परत जा’, ही तरतूद मी वाचली होती पण अमलात आणली नव्हती. दुसरा खड्डा भागाकाराचा आहे. प्रमाणानुसार −११ ला २ ने भागले की उत्तर −५ आले पाहिजे, कारण अपूर्णांक शून्याच्या दिशेने छाटायचा आहे. पायथनचा पूर्णांक भागाकार मात्र −६ देतो. ही चूक खेळ बंद पाडत नाही, ती कुठेतरी खोलवर एखादा आकडा चुकवते आणि दोन आठवड्यांनी हाती लागते. तिसरा खड्डा म्हणजे शून्य क्रमांकाचे चल: ते वाचले की स्टॅकवरचा वरचा आकडा निघून जातो आणि लिहिले की नवा आकडा चढतो, पण काही सूचना त्याच चलाकडे अप्रत्यक्षपणे बोट दाखवतात आणि तेव्हा आकडा जागच्या जागी वाचायचा असतो. यासाठी ‘झेक’ आणि ‘प्रॅक्सिक्स’ या चाचणी-फाइली तयार आहेत. पाचव्या आवृत्तीला हात घातल्यावर त्या रोज चालवाव्यात.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि तो माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. मजकूर नुसता दाखवायचा असेल तर झेड-मशीनच्या प्रमाणात युनिकोड अक्षर छापण्याची सूचना आहे. अडचण शब्दकोशाची आहे. लॅटिन वर्णमालेबाहेरच्या अक्षरांसाठी झेड-मशीनमध्ये ९७ जागा आहेत आणि मराठीला स्वर, व्यंजने, मात्रा आणि चिन्हे धरून साधारण ६५ पुरतात, म्हणजे अक्षरे मावतात. पण अशा प्रत्येक अक्षराला पाच बिटांचे चार घटक लागतात आणि शब्दकोशातल्या शब्दाला चौथ्या आवृत्तीपासून एकूण नऊच घटक मिळतात. नऊ भागिले चार, म्हणजे पूर्ण अक्षरे दोनच. ‘खिडकी’ हा शब्द युनिकोडमध्ये ख, वेलांटी, ड, क, वेलांटी असा साठवला जातो आणि ‘खिळा’ हा ख, वेलांटी, ळ, काना असा. पहिल्या दोन खुणा सारख्या असल्यामुळे या यंत्राला खिडकी आणि खिळा हे एकच शब्द वाटतात. एका खोलीत दोन्ही वस्तू असल्या तर ‘खिळा उपट’ म्हणणाऱ्याला खेळ ‘कोणता खिळा?’ असे विचारू लागेल. पाचव्या आवृत्तीपासून वर्णमालेचा तक्ता बदलता येतो आणि त्यात ७६ मोकळ्या जागा आहेत. सर्वाधिक लागणारी २६ अक्षरे पहिल्या रांगेत ठेवली तर त्यांना एकेकच घटक लागतो आणि बाकीच्यांना दोन-दोन. मग ‘खिडकी’ सुखाने मावते. हे करता येते, मी करून पाहिले आहे. पण रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांपैकी बरीच तक्त्याबाहेर जातात आणि छापताना जागा खातात.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: मराठी खेळ ग्लुल्क्ससाठी लिहावा. त्यात शब्दकोशातल्या प्रत्येक अक्षराला चार बाइट देण्याची आणि शब्दाची लांबी हवी तेवढी वाढवण्याची सेटिंग इन्फॉर्म ६ मध्ये आहे, म्हणजे देवनागरी कसलीही कसरत न करता साठवता येते. मात्र खेळाच्या लायब्ररीने खेळाडूची ओळ युनिकोडमध्ये मागितली पाहिजे. लॅटिनपुरती मागितली तर देवनागरी अक्षरे हाती लागत नाहीत. इंटरप्रीटर ब्राउझरवर आधारलेला घ्यावा, म्हणजे पार्चमेंट किंवा ‘लेक्ट्रोट’, कारण जोडाक्षरे आणि मात्रा जुळवण्याचे काम तेथे ब्राउझर करतो. जो इंटरप्रीटर एकेका संकेताला एकेक चौकोन देऊन अक्षरे रंगवतो त्यावर ‘खि’मधली वेलांटी ख च्या आधी न येता पुढच्या चौकोनात ठिपक्यांच्या वर्तुळासह पडते. खोलीचे नाव दाखवणारी वरची पट्टी हा धोका सर्वांत आधी दाखवते, म्हणून खेळाच्या पहिल्याच खोलीच्या नावात ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर मुद्दाम ठेवावे.

यानंतरचे काम इंटरप्रीटरचे नाही, पण ते सांगितल्यावाचून उत्तर अपुरे राहील. इन्फॉर्मच्या पार्सरला क्रियापद आधी हवे असते आणि मराठी खेळाडू स्वाभाविकपणे ‘कंदील पेटीत ठेव’ असे लिहितो. इन्फॉर्म ६ च्या भाषा-फाइलीत खेळाडूची ओळ पार्सरकडे जाण्यापूर्वी तिची फेरजुळणी करण्यासाठी एक ठरलेला टप्पा आहे. इंग्रजीखेरीज इतर भाषांतले खेळ त्याचाच आधार घेतात. तेथे ‘ठेव’ पुढे आणावा आणि ‘पेटीत’ची ‘पेटी’ व ‘त’ अशी फोड करावी. ‘दाराला’, ‘दारावर’, ‘दारातून’ यांसाठी सामान्यरूप ‘दारा’ हे त्या वस्तूचे दुसरे नाव म्हणून शब्दकोशात द्यावे. प्रत्यय तोडून मूळ शब्दाचा नियम शोधत बसण्यापेक्षा, पन्नास-साठ वस्तूंच्या खेळात प्रत्येकीचे सामान्यरूप हाताने लिहिणे लवकर होते आणि चुकतही नाही. कळफलकांच्या फरकाकडेही लक्ष द्यावे. ‘ऱ’ हे अक्षर काही कळफलक एका संकेतात देतात, काही र आणि नुक्ता अशा दोन संकेतांत. ही दोन्ही रूपे एक करण्याची सोय ग्लकमध्ये, म्हणजे ग्लुल्क्स खेळ ज्यातून पडदा आणि कळफलक वापरतो त्या व्यवस्थेत, आहे, ती ओळ वाचल्याबरोबर वापरावी. ‘ॲ’ मात्र एका संकेताचा असला काय किंवा अ आणि अर्धचंद्र मिळून झाला काय, युनिकोडच्या दृष्टीने ही दोन रूपे कधीच एक होत नाहीत, म्हणून ‘ॲल्युमिनियमचा डबा’ खेळात असेल तर शब्दकोशात त्याच्या दोन्ही नोंदी कराव्या लागतील.